पत्त्यांना तेल लागू नये म्हणून : बोर्डगेमच्या रात्रीच्या खाण्यापिण्याच्या नोंदी

ठिकाण लालबाग, चाळीतल्या दोन खोल्या. मला आणि बायकोला धरून माणसं सहा. खेळ दोन : जास्तीच्या खेळाडूंची जोड घेतलेला कटान आणि कोडनेम्स. टेबल नाही, सतरंजीवर बसतो. तारीख ठरवली २६ जुलै २०२५, शनिवार. कुणाला असंच काही करायचं असेल तर माझे पैसे आणि वेळ कुठे गेला ते कळावं म्हणून लिहून ठेवतोय.

५ जुलै, शनिवार

सराव म्हणून चौघांतच कटान लावला. खायला अर्धा किलो फरसाण आणि गरम कांदाभजी, प्यायला बर्फ घातलेलं अमृत कोकम. बाहेर पाऊस आणि घरात भजी नाहीत, तर लोक काय म्हणतील अशी मला काळजी. लोक काहीच म्हणाले नाहीत, नुसते खात राहिले. तिथेच घोटाळा झाला.

कटानमध्ये मेंढ्या, विटा, गहू असा माल पत्त्यांवर असतो आणि पत्ते एकाच्या हातात टिकत नाहीत. दोन मेंढ्या घे, एक वीट दे, असं सतत चाललेलं असतं. एकाने भजी खाल्ली की अर्ध्या तासात चौघांच्या हाताला तेल. फरसाणातल्या शेवेची हळद गव्हाच्या एका पत्त्यावर अंगठ्यासकट उमटली. त्यानंतर तो गहू कुणाकडे आहे हे सगळ्यांना मागूनच दिसत होतं, म्हणजे डावच नासला.

पेले मांडीशेजारी जमिनीवर होते. जुलैतल्या हवेत बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो, तो ओघळून सतरंजीवर गोल ओले डाग पडले. दारात कोण आलं ते बघायला एक जण उठला, पाय लागला, पेला आडवा. कोकम सतरंजी प्यायली, बोर्ड चार बोटांनी वाचला.

नुकसान : तेलाचे अकरा पत्ते, हळदीचा एक, सतरंजी. खर्च ४२० रुपये.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी पत्ते पुसायला घेतले. ओलं फडकं वापरलं, ही चूक. पत्त्याचा वरचा पापुद्रा फुगला आणि दोन पत्ते पापडासारखे वळले. मग थांबलो. उरलेल्यांवर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरली, वर वही आणि वहीवर पाटा ठेवून दिला. संध्याकाळपर्यंत तेल बरंच ओढलं गेलं. डाग राहिलाच, पण हाताला लागेनासा झाला.

हळदीचा डाग उन्हात उडतो, हे कपड्यांमुळे माहीत होतं. पण जुलैत ऊन कुठून आणायचं? पत्ता चिमट्याने खिडकीच्या गजाला लावून ठेवलाय.

दुपारी साबुदाण्याची खिचडी खाताना लक्षात आलं की ताटाबाहेर किती दाणे जातात ते आपण एरवी मोजतच नाही.

७ जुलै

कटानच्या खोक्यात मुंग्या. सोंगट्यांच्या पिशवीत फरसाणाचा गोडसर चुरा गेला होता. सगळं बाहेर काढून झटकलं, चाळीस मिनिटं गेली. आईने विचारलं, "हे खेळायचं असतं की साफ करायचं?"

९ जुलै, बुधवार

आता चवीवरून नाही, बोटावरून निवडायचं ठरवलं. माळ्यावरच्या जुन्या व्यापार खेळाच्या डब्यातल्या खोट्या नोटा खाली काढल्या. कृती एवढीच : पदार्थ तीन वेळा बोटांनी उचलून खायचा, मग नोट चिमटीत धरून दहा आकडे मोजायचे आणि नोट दिव्याकडे धरायची. तेल असेल तर कागद पारदर्शक दिसतो.

दहा जिन्नस शंभर-शंभर ग्रॅम आणले, ३१० रुपये. बारीक शेव आणि केळ्याचे वेफर पहिल्याच नोटेला बाद. खारी बिस्किटं बोटाला फारसं लागत नाहीत, पण पापुद्रे दोन फुटांपर्यंत उडतात. शेंगदाण्याची चिक्की कोरडी वाटते आणि नोट बोटाला चिकटून वर येते. खाऱ्या शेंगदाण्यांचं मीठ राहतं; ते झटकून जातं, पण झटकायचं कुठे, तर बोर्डावर. चकलीने डाग दिला, फिकट. शंकरपाळ्यांनी मला फसवलं : बघायला कोरडे, पण तूप आत असतं आणि बोटांच्या उबेने बाहेर येतं.

नोट कोरी राहिली ती सालं काढलेल्या फुटाण्यांनी, कोरड्या भाजलेल्या मखाण्यांनी आणि कुरमुऱ्यांनी. यावर बायको म्हणाली, "म्हणजे पाहुण्यांना आजारी माणसाचं खाणं द्यायचं." मुद्दा बरोबर होता.

१२ जुलै, शनिवार

पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरं आणली. कटानचे पत्ते नेहमीच्या खेळण्याच्या पत्त्यांपेक्षा लहान, ५४ गुणिले ८० मिलिमीटर. त्यामुळे आधी मापाचं बघून घ्या. मी पहिल्यांदा मोठी घेतली होती, ती बदलायला दुसरी फेरी झाली. पन्नासाची तीन पाकिटं, ४५० रुपये. मूळ खोक्यातच साधनसामग्रीचे ९५ आणि विकासाचे २५ असे १२० पत्ते असतात, वर जोडीच्या खोक्यातले. म्हणजे दीडशेही पुरी पडली नाहीत. विकासाच्या पत्त्यांची तेवढी हाताळणी होत नाही, ते तसेच उघडे ठेवले. कव्हरं चढवायला एक तास वीस मिनिटं.

१३ जुलै, रविवार

चकली. नोटेवर डाग दिला होता तरी केली, कारण घरची कमी मोहनाची केली तर तेल कमी लागेल, असं गणित मांडलं होतं. भजणी अर्धा किलो तयार आणली, १४० रुपये. शेंगदाण्याचं तेल १९०. आईने दोन पळ्या कडकडीत मोहन सांगितलं होतं, मी एक घातली. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते हे ठाऊक होतं, कमी झालं तर काय होतं ते आता कळलं : दगड होते. साऱ्याच्या मुठीला दोघांनी जोर लावून चकल्या पाडल्या. साडेतीन तास गेले आणि खाण्यालायक एकही नाही. कटान बनवणारा क्लाउस ट्यूबर पेशाने दातांच्या कवळ्या-टोप्या करणारा तंत्रज्ञ होता. त्याला माझ्या चकलीने बराच धंदा दिला असता.

आईने त्या कुटून आमटीत घातल्या. आमटी चांगली झाली.

१५ जुलै, मंगळवार

मोठी चूक आज सापडली. मधल्या वेळेला खिमा पॅटिस द्यायचं मनात होतं. बायकोने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. गुरुवारी २४ ला अवस, शुक्रवारी २५ ला श्रावण लागतो. म्हणजे माझा शनिवार श्रावणातला पहिला शनिवार. सहांपैकी तिघे श्रावण पाळतात, कांदा-लसूणही नाही, आणि एकाचा शनिवारचा उपवास. तारीख ठरवताना मी फक्त सुट्टी बघितली होती.

एकाने सुचवलं, गटारीलाच करू. पण गुरुवारी रात्री बारापर्यंत जागून शुक्रवारी कामावर जायची कुणाची तयारी नाही. तारीख तीच, खिमा रद्द. खिमा अजून आणला नव्हता, तेवढंच बरं.

गजावरच्या पत्त्याला काल दोन तास ऊन मिळालं. हळद निम्मी उडाली.

१७ जुलै, गुरुवार : पिण्याचं

यावर सगळ्यात जास्त डोकं गेलं.

पहिला प्रयोग सोलकढीचा. दोन नारळ आणि आगळाची बाटली, २१० रुपये. नारळाचं दूध काढायला वेळ लागतो तो लागतोच, पण ठेवली की ती फुटल्यासारखी दिसते, वर पांढरं आणि खाली गुलाबी पाणी. ढवळली की ठीक. दर वीस मिनिटांनी कोण ढवळणार? शिवाय लसणीशिवाय सोलकढी मला बेचव लागते. बाद.

दुसरा, थर्मासमध्ये दुधाचा आल्याचा चहा. दीड तासाने चव काढ्यासारखी झाली आणि वर साय. बाद. कोरा चहा, गवती चहाची पात आणि साखर घालून, दोन तासांनीही तसाच राहिला. तो ठरला.

तिसरं अमृत कोकमच, बर्फाशिवाय, फक्त थंड पाण्यात. घाम कमी झाला, गेला नाही. पेला ठेवायचा कुठे, हा प्रश्न तसाच. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला तर घ्यायला चौघांना उठावं लागतं. पाठीमागे ठेवला तर विसरतो आणि त्याच्यावर टेकतो. झाकणाच्या बाटल्या दिल्या तर शाळेच्या सहलीसारखं वाटतं, आणि घाम त्यांनाही सुटतोच.

आई बाजूला मटार सोलत होती. म्हणाली, "चुंबळ का नाही करत?" डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात ती कापडाची गोल वळी. गावी माजघरात घागरीखालीही चुंबळच असायची, तळ गोल असला तरी घागर कलत नसे. हे आमच्या डोक्यात का आलं नाही? आम्ही सगळे फळीवर भांडी ठेवून वाढलो म्हणून.

१९ जुलै, शनिवार

चुंबळी वळल्या. पहिली बायकोच्या जुन्या ओढणीची. ती पॉलिस्टरची निघाली, पाणी अजिबात शोषत नाही, पेला त्यात घसरतो. दुसरी आईच्या विटलेल्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांची, आणि हीच हवी होती. हातभर रुंद पट्टी फाडायची, पिळून दोरासारखी करायची, पेल्याच्या बुडाभोवती दोन वेढे घेऊन उरलेलं टोक आतून-बाहेरून गुंडाळत जायचं, शेवटी सुईने चार टाके. मधलं भोक पेल्याच्या बुडापेक्षा बोटभर लहान ठेवा, नाहीतर पेला आरपार जमिनीला टेकतो आणि ओल तिथेच येते. एकीला पंधरा मिनिटं, सहा केल्या. खर्च शून्य.

तपासायला बर्फाचं पाणी भरून पेला ठेवला आणि मुद्दाम पायाने हलकाच ढकलला. हलला, पडला नाही. तासाने चुंबळ ओली, सतरंजी कोरडी.

२० जुलै, रविवार

बायकोबरोबर नुसते दोन डाव खेळून बघितलं. कुरमुरे बाद झाले. पंख्याखाली उडतात आणि एक नेमका बोर्डावर चोराच्या सोंगटीशेजारी जाऊन बसला.

चिवड्यासाठी चमचे दिले तर पत्ते ठेवून चमचा घ्यायचा, चमचा ठेवून पत्ते घ्यायचे. चॉपस्टिकने फुटाणा उचलायला गेलो आणि तो कपाटाखाली गेला. मग सुचलं ते आपलं जुनंच : चणेवाल्याच्या पुडीतून आपण काय करतो? फक्का मारतो. बोटं लागतच नाहीत. कागदाच्या पुड्या करण्याऐवजी स्टीलची फुलपात्रं घेतली, अर्धी भरली. फुलपात्र उचला, तोंडात फक्का, खाली ठेवा. नोटेची चाचणी चिवड्यालाही कोरी आली.

म्हणजे चिवडाही बेतात आला आणि आजारी माणसाच्या खाण्याचा प्रश्न सुटला.

दुसरी गोष्ट क्रमाची. माझा बेत आधी कटान, मग जेवण, मग कोडनेम्स असा होता. उलटा केला. कोडनेम्समध्ये पंचवीस शब्द जमिनीवर मांडलेले असतात. सूचना देणारे दोघे सोडले तर बाकीच्यांनी फक्त बोट दाखवायचं. हातात पत्ते नाहीतच. म्हणजे तळलेलं, गरम, तेलकट सगळं तेव्हाच द्यावं, नाहीतरी लोक साडेसातला भुकेले येतात. मग साबणाने हात, आणि त्यानंतर कटान, सोबत कोरडं. पदार्थ बदलत बसण्याआधी हे सुचलं असतं तर चकलीचे साडेतीन तास वाचले असते.

जाता जाता : कॅरम काढायची कुणाला हुक्की आली तर खाणं उचलून ठेवा. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर, तो हात फुलपात्रात जाता कामा नये.

२३ जुलै, बुधवार

खरेदी. चिवडा गल्ली घरापासून पाच मिनिटांवर, तरी तयार चिवडा घेतला नाही, कारण कांदा-लसूण नसलेला आणि तेल कमी असलेला हवा होता. पातळ पोहे, शेंगदाणे, डाळं, सुकं खोबरं, फुटाणे, मखाणे. मखाणे पाव किलो ३४० रुपये! मोजताना दुकानदाराने मला दोनदा विचारलं, पाव किलो नक्की का. पाव किलो म्हणजे घरातला सगळ्यात मोठा डबा भरतो, हे घरी येऊन कळलं. दीडशे ग्रॅम पुरे झाले असते.

२४ जुलै, गुरुवार, दिव्यांची अवस

आईचे कणकेचे दिवे वाफवायला लागले होते, त्याच पातेल्यात दुसऱ्या खेपेला कोथिंबीर वडीचे उंडे वाफवून घेतले. लसूण नाही, आलं-मिरची जास्त. उंडे फ्रिजमध्ये दोन दिवस राहतात आणि गार उंड्याच्या वड्या स्वच्छ कापल्या जातात. गरम कापायला गेलो होतो मागे एकदा, भुगा झाला होता.

२५ जुलै, शुक्रवार

चिवडा. पावसाळ्यात पोहे डब्यातच सादळलेले असतात, त्यामुळे मंद आचेवर पंचवीस मिनिटं भाजले. हातात चुरडले की चुरा व्हायला हवा, नुसते मोडून चालत नाही. फोडणीत तेल नेहमीच्या निम्मं. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावर घातली. मखाणे कोरडे भाजून वर सैंधव.

रात्री साबुदाणा भिजवला, जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात.

२६ जुलै, शनिवार

सकाळपासून फोन. वीस वर्षांपूर्वी याच तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या रात्री कुठे अडकलो होतो ते प्रत्येकजण सांगतो. त्यात पाणी तुंबणारं हिंदमाता इथून हाकेवर. संध्याकाळी सर आली तसा एकाचा निरोप आला, निघत नाही. मी आग्रह केला नाही. पाच जण उरलो.

७.४० कोडनेम्स. कोथिंबीर वड्या आणि साबुदाणा वडे. वडे तळताना एक फुटला, मनगटावर तेल उडालं. बहुतेक बटाटा ओलसर राहिला होता. उपवासवाल्यासाठी वडे आधी, ताज्या तेलात तळले, मग त्याच कढईत वड्या. हा क्रम आईने लावला, मी उलट करणार होतो. वड्या दात-काड्यांनी खाल्ल्या. कोडनेम्सचा एकही शब्द तेलकट झाला नाही.

८.५० हात धुणं. मोरीत एकावेळी एकच माणूस मावतो, पाच जणांना बारा मिनिटं. ओला आणि कोरडा असे दोन पंचे ठेवले होते, लोकांनी दोन्ही ओले केले. पुढच्या वेळी कोरडे दोन.

९.०५ कटान. फुलपात्रं आणि चुंबळी वाटल्या. चुंबळ बघून प्रत्येकाने ती आधी डोक्यावर ठेवून बघितली. फक्का चालला, पण दोन त्रुटी. फुलपात्रात शेंगदाणे तळाशी बसतात, त्यामुळे आधी नुसते पोहे आणि शेवटचा फक्का नुसता शेंगदाण्यांचा. आणि कढीपत्त्याचं पान घशात जातं. एकाला ठसका लागला तेव्हा नेमका फाशांवर सात पडला होता आणि खेळाच्या नियमाप्रमाणे त्याला हातातले अर्धे पत्ते टाकायचे होते. त्याने आधी पाणी मागितलं, पत्ते कुणाला दाखवले नाहीत. चिवड्यात कढीपत्ता चुरून घाला.

मखाणे मऊ पडले. डब्याचं झाकण मीच उघडं टाकलं होतं, पाऊणेक तासात चामडं. बाकीचं मोठ्या डब्यात बंद ठेवून थोडं थोडं काढत होतो, ते शेवटपर्यंत कुरकुरीत.

११ वाजता दुधाचा ताजा चहा, डाव थांबवून. एक पेला कलंडायला आला होता, चुंबळीत टेकून राहिला. ११.५० ला डाव संपला. बायको जिंकली.

२७ जुलै, रविवार

पत्ते मोजले, सगळे आहेत. कव्हरांवर दोन ठिकाणी बोटांचे ठसे, कोरड्या फडक्याने गेले. खोक्यात मुंग्या नाहीत.

कालच्या रात्रीचा खर्च : मखाणे ३४०, फुटाणे ९०, पोहे ४०, शेंगदाणे ८०, डाळं-खोबरं ६०, साबुदाणा ४५, बटाटे ४०, कोथिंबीर दोन जुड्या ६०, बेसन ५०, दूध ६०, गवती चहा २०, कागदी रुमाल ९०. एकूण ९७५, पाच जणांत माणशी १९५. अमृत कोकम ५ तारखेच्या बाटलीतलंच पुरलं. त्याआधीचे प्रयोग, चकली आणि कव्हरं मिळून १७२० वेगळे. सगळे धरून २६९५.

हळदीचा गहू आता फिकट पिवळा आहे. कव्हरात घालून परत गड्डीत टाकला, पाठीमागून ओळखू येत नाही.

सहापैकी एक चुंबळ सापडत नव्हती. आईने ती पाण्याच्या कळशीखाली लावली आहे आणि परत मिळणार नाही असं सांगितलंय. पुढच्या वेळी सहावा आला तर आणखी एक वळावी लागेल. लुगड्याची एक पट्टी शिल्लक आहे.